एक गिटार आणि सुतारकामाचा तास

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. बोलताना हातात कागद नव्हता. नंतर आठवून लिहून काढलं, त्यामुळे चार वाक्यं पुढेमागे झाली असतील.)



संयोजकांनी मला फोनवर दोन अटी घातल्या होत्या. अमेरिकेवर बोलायचं नाही आणि तब्येतीवर बोलायचं नाही. कालपासून ऐकतोय, दुसरी अट इथे कुणीच पाळलेली नाही. बायपासपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत सगळं झालं. तेव्हा मी पहिली मोडतो. गेली पस्तीस वर्षं मी ह्यूस्टनला राहतो आणि ज्या वस्तूबद्दल सांगणार आहे ती तिथलीच आहे. पण गोष्टीचा अर्धा भाग आपल्या शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमधला आहे, म्हणून सांभाळून घ्या.

ती शेड आता पाडली. काल जाऊन बघून आलो, तिथे सायकल स्टँड झालाय. आठवी-नववीत आठवड्यातून एकदा आपला तिथे जोडतास असायचा. रंधा, पटाशी, गुण्या, करवत. प्रत्येकानं एक पाट करायचा. माझा पाट आईनं तीस वर्षं वापरला आणि त्यावर जो बसेल तो डावीकडे कलायचा. पाट झाला की शेवटचे काही आठवडे पॉलिश. कपाटावर काचेची बाटली असायची, तिच्यात चपडी आणि स्पिरिट. कुणी बाटली हलवली की सर ओरडायचे, "हलवू नकोस रे, खालचा गाळ खालीच राहू दे, वरचं नितळ तेवढं घे." गाळ म्हणजे कचरा, एवढंच मी तेव्हा समजत होतो. गाळ म्हणजे नेमकं काय, हे मला पंचेचाळीस वर्षांनी कळलं. ते पुढे येईल.

सुतारकामाचे सर पहिल्या रांगेत बसलेत. सर, ऐकू येतंय ना? मान हलवली, म्हणजे येतंय.

आता ती वस्तू. पेडल स्टील गिटार. काल जेवताना एकानं विचारलं, "म्हणजे पायानं वाजवतात?" हो, पायानंही वाजवतात आणि गुडघ्यानंही.

हवाईयन गिटार आपल्या सगळ्यांच्या कानात आहे. विविध भारतीवर गाण्याची धून लागायची, शब्द नसलेली, तारेवरून घसरत जाणारी. व्हॅन शिप्ले हे नाव अनेकांना आठवत असेल. गिटार आडवी ठेवायची, डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी धरायची आणि ती तारांवरून सरकवायची. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हवाई बेटांवर निघाली, आणि तिचं श्रेय बहुतेक वेळा जोसेफ केकुकू नावाच्या एका शाळकरी पोराला दिलं जातं. तिथून ती जगभर गेली, आपल्याकडेही आली. ब्रिजभूषण काब्रांनी तर त्याच गिटारवर राग वाजवले. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' घरी असेल तर पुन्हा ऐका, शिवकुमारांचं संतूर आणि हरिप्रसादांची बासरी यांच्या जोडीला जी गिटार आहे ती त्यांची.

या वाद्यात एक अडचण असते. कांडी सरळ. ती सरकवली की तिच्याखालच्या सगळ्या तारा एकदमच चढतात किंवा उतरतात. एक तार जागेवर ठेवून शेजारचीच तेवढी चढवायची असेल तर कांडी तिरकी धरून थोडंफार साधतं, पण थोडंच. आपल्याला याची फारशी गरज नाही, कारण आपलं गाणं एका सुराच्या मागे एक सूर असं जातं. पाश्चात्यांना तीन-चार सूर एकदम हवे असतात, आणि ते एकातून दुसऱ्यात वितळायला हवे असतात. म्हणून अमेरिकेत कुणीकुणी गिटारला पाय लावले, पायांमध्ये पेडल लावली आणि पेडल दाबलं की ठरावीक तारा तेवढ्या ताणल्या जातील अशी यंत्रणा केली. आधी पेडलचा उपयोग दोन सुरांच्या मधल्या वेळात स्वरमेळ बदलण्यापुरता व्हायचा. १९५४ मध्ये वेब पीअर्सचं 'स्लोली' हे गाणं गाजलं. त्यात बड आयझॅक्सनं तार वाजत असतानाच पेडल दाबलं आणि सूर ऐकणाऱ्याच्या कानादेखत चढला. त्यानंतर स्टील गिटार वाजवणाऱ्यांना पेडलशिवाय चैन पडेना.

बाईंनी आपल्याला गाण्याच्या तासाला पेटीवर सा-ग-प शिकवला होता, त्यावरून सांगतो. या गिटारच्या पहिल्या दोन पेडलांचं काम असं. तुम्ही सा, ग आणि प या तीन तारा एकदम छेडल्यात. दोन्ही पेडल दाबलीत तर ग चढून म होतो, प चढून ध होतो, आणि सा मात्र जागचा हलत नाही. पाय उचललात की पुन्हा सा-ग-प. ही मींडच, फक्त दोन तारांवर एकदम आणि वेगवेगळ्या अंतराची, तीही पायानं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

ऐकलं ते कुठे, तर एका गॅरेजमध्ये. तेलविहिरींना लागणारे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात मी डिझाइनला होतो. तिथे लेथवर एक टेक्सन म्हातारा होता. माझी ड्रॉइंग घेऊन यायचा, टेबलावर ठेवायचा आणि शांतपणे म्हणायचा, "हे बनवता येणार नाही." तो नेहमी बरोबर असायचा, हे मान्य करायला मला दोन वर्षं लागली. शनिवारी रात्री तो गावोगावच्या डान्स हॉलमध्ये स्टील गिटार वाजवायला जायचा. १९९४ मध्ये एकदा त्यानं घरी बोलावलं, वाजवून दाखवलं, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून गिटार चक्क उलटी केली. खालचं सगळं उघडं. ते बघून मी वाजवलेलं विसरलो.

आपल्या लहानपणी सायकलींना सळयांचे ब्रेक असायचे, आठवतात? हँडलखालची मूठ ओढली की सळई वर, कोपऱ्यावरचा गुडघा फिरला की दुसरी सळई आडवी, शेवटी रबर चाकाला. या गिटारच्या पोटात तसल्या तीस-पस्तीस सळया असतात. पेडल दाबलं की उभी सळई खाली येते, आडवा दांडा थोडासा फिरतो, त्याच्यावरचा गुडघा लांब सळई ओढतो, आणि त्या सळईच्या टोकाला, उजव्या बाजूला, तार जिच्यावरून गेलेली असते ती धातूची 'बोटं' असतात. बोट किंचित वळतं आणि तार ताणली जाते. पाय उचलला की स्प्रिंग ते बोट जागच्या जागी आणते. जागच्या जागी म्हणजे अगदी तिथेच. केसभर फरक पडला तर गिटार बेसूर. दोन मानांची गिटार, एकेका मानेला दहा तारा, खाली आठ पेडल आणि चार गुडघ्याच्या दांड्या. म्हाताऱ्याला मी एवढंच म्हणालो, "हे बनवता येणार नाही." तो खूप हसला. आमची खरी मैत्री तिथून.

ती गिटार शो-बड होती. नॅशव्हिलमध्ये शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स या दोन वादकांनी १९५० च्या दशकात हे काम सुरू केलं आणि दोघांच्या नावांचे तुकडे जोडून नाव ठेवलं. एमन्स पुढे वेगळा झाला आणि त्यानं स्वतःच्या नावाची गिटार काढली, पण ते जाऊ दे. म्हाताऱ्याची गिटार सत्तरच्या दशकातली, बर्ड्सआय मेपलची. या मेपलच्या लाकडात बारीक बारीक गोल डोळे असतात, पक्ष्याच्या डोळ्यांसारखे. उजेड फिरला की ते उघडझाप करतात. आणि मानेवर सुरांच्या खुणा म्हणून पत्त्यातली चिन्हं, बदाम, चौकट, किलवर, इस्पिक. माझ्या मुलीला लहानपणी वाटायचं की आजोबांचं ते पत्ते खेळायचं टेबल आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळ आलं. ह्यूस्टन किती बुडलं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच. म्हाताऱ्याच्या गॅरेजमध्ये आठ-दहा इंच पाणी शिरलं. गिटारची केस भिंतीशी कडेवर उभी होती, म्हणून पाणी लागलं ते गिटारच्या पुढच्या पट्टीला आणि तिच्यालगतच्या सळयांना. तेव्हा तो ऐंशीच्या पुढे होता. केस त्यानं तशीच उचलून माडीवर ठेवायला लावली आणि नंतर कधी उघडली नाही. २०२१ मध्ये तो गेला. पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो, आणि त्याच महिन्यात त्याच्या मुलीचा फोन आला. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाला आजोबांची गिटार वाजवायची आहे, बाबा म्हणायचे की याचं पोट त्या इंडियन इंजिनियरला कळतं, तेवढी वाजण्यासारखी करून द्याल का?

तिचे शब्द नीट लक्षात ठेवा. वाजण्यासारखी. मी ठेवले नाहीत.

केससकट तीस किलोच्या वरचं धूड मी आणि बायकोनं मिळून टेबलावर चढवलं. आतून जुन्या गोधडीला येतो तसा कुबट वास. पुढच्या पट्टीवरचं लॅकर पांढरं पडून पापुद्रे सुटलेले, एका कोपऱ्यात सांधा उघडलेला. वरची बाजू मात्र कोरडी. तिथलं लॅकर पन्नास वर्षांत मधासारखं पिवळं झालेलं, त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. उजवं मनगट टेकायचं तिथे लॅकर झिजून लाकूड उघडं. आणि डावीकडे, खुंट्यांच्या टोकाला, कडेवर पाच काळे डाग. सिगारेटचे. वाजवताना दोन्ही हात गुंतलेले असतात, तेव्हा हे लोक पेटती सिगारेट खुंट्यांपाशी अडकवून ठेवायचे आणि गाणं लांबलं की ती लाकडापर्यंत पोचायची.

यंत्रणेचं काम तीन आठवडे चाललं आणि त्याइतकं सुख मला नोकरीत कधी मिळालं नाही. प्रत्येक सळई काढण्याआधी फोटो, प्रत्येकीला चिकटपट्टी, तिच्यावर नंबर. मधल्या काळात कुणीतरी आत भरपूर तेल फवारलं होतं, त्याचा डिंक झालेला. तो विरघळवायचा, गंज काढायचा, दांडे कानशीनं नाही तर नुसत्या पोतेऱ्यानं आणि बारीक पेपरनं साफ करायचे, कारण कानस लागली की माप गेलं. एक स्प्रिंग हरवली. ती बायकोला व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीत सापडली, आणि त्याबद्दल मला अजून ऐकावं लागतं.

यातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या गिटारची तिसरी तार सगळ्यात जास्त तुटते. ती जेमतेम ०.२८ मिलिमीटर जाडीची, आणि दुसरं पेडल दाबलं की दर वेळी तिलाच वर चढावं लागतं. मघाशी सांगितलेला ग चा म तिथेच होतो. एका रात्रीत तो शेकडो वेळा होतो. तारेला बोटाच्या गोलाईवर दर वेळी वाकावं लागतं. वर्षानुवर्षांनी त्या धातूच्या बोटावरच तारेची खाच पडते, आणि मग ती खाच नव्या तारेला कापते. म्हाताऱ्याच्या गिटारमध्ये तिसऱ्या तारेच्या बोटावर अशी खाच होती. त्याच्या सुट्या तारांच्या डबीत तिसऱ्या नंबरच्या सोळा तारा शिल्लक होत्या, बाकीच्या एकेक-दोनदोन. खाच मी दोन हजार नंबरच्या पेपरनं घासून गोल केली. दीड दिवस लागला. तिथे घाई केली नाही, याचं मी स्वतःला अजून श्रेय देतो, कारण पुढे जे केलं त्यात असं श्रेय घेण्यासारखं काही नाही.

सांधा सरसानं जोडून शिकंजात आवळला. पुढच्या पट्टीचं लॅकर काढण्यावाचून इलाज नव्हता, ते सुटलंच होतं. गरम हवेच्या बंदुकीनं मऊ करायचं आणि पात्यानं खरवडायचं. खरवडलं, खालून कोरं मेपल निघालं, पांढरंशुभ्र, डोळ्यांसकट. आणि मग वरच्या पिवळ्या, भेगाळलेल्या बाजूकडे बघून मला वाटलं, हे आता शोभत नाही. कुणी सांगितलं नव्हतं. हात चालू झाला होता. संध्याकाळपर्यंत सगळी गिटार कोरी. मनगटाची जागा गेली. सिगारेटचे डाग जरा खोल होते, त्यांना सँडर जास्त वेळ लावावा लागला. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छान," आणि आत गेली.

या गिटारींना नायट्रोसेल्युलोजचं लॅकर असतं. जुन्या सिनेमांची रिळं ज्याची असायची आणि भडकन पेटायची, त्याच कुळातलं. आमच्या गॅरेजमध्ये पाणी तापवायची गॅसची टाकी आहे, तिची ज्योत सतत चालू. फवारणीच्या दिवसांत गॅस बंद ठेवावा लागला आणि घरात गार पाण्याच्या आंघोळी. पुन्हा ह्यूस्टनची हवा म्हणजे आपली मुंबईच. हवेत ओल असताना लॅकर फवारलं की ओल आत अडकते आणि ते दुधाळ होतं. पहिले दोन हात मी सप्टेंबरात मारले, गिटारवर साय धरल्यासारखी दिसायला लागली. पुसून काढलं. नोव्हेंबरात उत्तरेचा वारा आला की दोन-तीन दिवस हवा कोरडी ठणठणीत होते, त्याची वाट बघत बसलो.

वारा आला. पहिला हात मारला, आणि बघता बघता पृष्ठभागावर गोल गोल खड्डे पडले. शेकडो. लॅकर तेवढ्या जागेवरून बाजूला सरकत होतं, जणू तिथे कुणी तेलाचा थेंब ठेवला असावा. पुसलं, घासलं, पुन्हा मारलं, पुन्हा तेच. मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, कार्यक्रमाला निघताना बाबा गिटारवर फर्निचर चमकवायचा स्प्रे मारायचे, दर शनिवारी. त्या स्प्रेमध्ये सिलिकॉन असतं. चाळीस वर्षांचं सिलिकॉन भेगांमधून लाकडात मुरलेलं. घासून ते निघत नाही, उलट आणखी आत जातं.

आपल्या ग्रुपवर तेव्हा कुणीतरी सरांचा नंबर टाकला होता. इकडची सकाळ होती. लावला फोन. सरांनी ओळखलं, "तो पाट डावीकडे कलणारा." मी सगळं सांगितलं. सिलिकॉन हा शब्द त्यांच्या धंद्यातला नाही, पण ते म्हणाले, "तेलकट झालेल्या लाकडावर आधी चपडीचा हात दे. चपडी तेलावरही धरते आणि तिच्यावर काहीही धरतं." मग म्हणाले, "पण वरची नितळ घे. मेण गेलं नाही तर तुझं ते लॅकर सुटून येईल." मेण. बाटलीच्या तळाचा गाळ म्हणजे लाखेतलं मेण होतं. आपण वर्षभर ती बाटली न हलवता राहिलो ते त्यासाठी. सर, हे तुम्ही तेव्हाच सांगितलं असतंत तर मी ती दोनदा हलवली नसती. (सर म्हणाले, "सांगितलं होतं." हशा.)

फोन ठेवायच्या आधी सरांनी विचारलं, "जुनं पॉलिश का काढलंस?"

म्हटलं, "सर, पुराचं पाणी लागलं होतं."

"सगळीकडे?"

मी गप्प बसलो. सरांनीही पुढे काही विचारलं नाही. म्हणाले, "बरं, दोन हात दे, पातळ," आणि मुलांची चौकशी केली.

चपडी मी ऑनलाइन मागवली. पाकिटावर 'मूळ भारत' लिहिलेलं. स्पिरिटमध्ये विरघळवली, आठवडाभर बाटली कुणाला हात लावू दिली नाही, वरचं नितळ काढून घेतलं आणि कापसाचा बोळा सुती फडक्यात बांधून शेडमध्ये शिकलो तसे दोन हात दिले. नंतर लॅकर मारलं. एकही खड्डा नाही. दहा हात झाले. महिनाभर वाळू दिलं, मग पाण्याचा पेपर आठशे, बाराशे, दोन हजार, आणि शेवटी चकाकी. खरं सांगतो, दुकानात ठेवण्यासारखी झाली होती.

जानेवारीत मुलगी आणि नातू आले. मी वरचं कापड काढलं. नातू "वाव" म्हणाला. मुलीनं माझे खूप आभार मानले, टेक्सासमधली माणसं आभार फार मनापासून मानतात. बोलता बोलता तिचा हात गिटारच्या डाव्या टोकाला गेला आणि अंगठा त्या कडेवरून पुढे-मागे फिरला. दोनदा. मग तिनं विचारलं, "ते डाग निघायला त्रास झाला का?"

मी म्हटलं, "थोडा."

ती म्हणाली, "मी लहान असताना आई त्यांच्यावर ओरडायची त्यावरून," आणि हसली. मग पर्समधून चेक काढायला लागली. मी चेक घेतला नाही. तोही तिला बरं वाटावं म्हणून नाही, मला घेववला नाही.

त्यावर उपाय नाही, तोही मी शोधून पाहिला. डाग पुन्हा पाडता येतात. असं मुद्दाम जुनं दिसणारं काम करून देणारी माणसं आहेत आणि त्याला पैसेही बरे मिळतात. मी एका लाकडाच्या तुकड्यावर सिगारेट टेकवून बघितलीसुद्धा. डाग तसाच आला, हुबेहूब. मग तो तुकडा मी फेकून दिला.

एक गोष्ट वाचली. गिटार उलटी केली की पोटात, सळयांच्या मागे, म्हाताऱ्याची पेन्सिलीची अक्षरं आहेत. कोणत्या तारखेला तारा बदलल्या, कोणत्या गावी पेडल अडकलं, एके ठिकाणी नुसतं 'पाऊस, कुणी आलं नाही'. ती राहिली याचं श्रेय मला नको. तिथे सँडर पोचत नव्हता. आता नातू स्वतःच्या तारखा खाली लिहितो. तो रविवारी चर्चमध्ये वाजवतो. मी दोनदा जाऊन ऐकलं. अजून तो पेडल जरा आधी दाबतो, ग चा म घाईनं होतो. पण तिसरी तार दोन वर्षांत एकदाच तुटली.

त्यानंतर माझ्याकडे आणखी दोन गिटार आल्या. दोन्हींची पोटं साफ केली, वरून ओल्या फडक्यानं पुसलं आणि परत दिल्या. एका गृहस्थाला ते फारसं आवडलं नाही. त्याला वाटलं होतं नवी होऊन येईल.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा संपवतो. सर, त्या कामात मेपलचा एक तुकडा मी सोबत रंगवत होतो, प्रत्येक हात आधी त्याच्यावर मारायचा आणि मग गिटारवर. चपडीचे दोन, वर लॅकरचे दहा. तो मी खिशातून आणलाय. माझा पाट तुम्ही तेव्हा दहापैकी चार गुणांवर सोडला होतात. हा एकदा बघा.

(ता. क. सरांनी तुकडा खिडकीपाशी नेला, तिरका धरून उजेडात फिरवला, मग चष्मा काढून पुन्हा बघितला. "कडेला एक ओघळ आहे," म्हणाले. होता. तुकडा त्यांनी परत दिला नाही, कोटाच्या खिशात ठेवला.)